जी आपलं खात नाही

देल्फिनाने भाजलेल्या डुकराच्या मानेवरचा पहिला तुकडा कापला, सगळ्यांना दिसेल असा सुरीच्या टोकावर उंच धरला आणि तोंडात घातला. चावता चावता मनात पाचपर्यंत मोजलं. मग खोकला आल्यासारखं करून कागदी रुमाल तोंडाशी नेला, आणि रुमालाची पुरचुंडी एप्रनच्या खिशात गेली.

"कसं झालंय आज?" रोजच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"माझ्या हातचं कसं असतं? विचारणाऱ्याला अर्धीच ताटली मिळते, ठाऊक आहे ना?"

लोक हसले, ताटल्या पुढे आल्या. देल्फिनाचा हात चालू लागला.

इक्वेडोरमधल्या रिओबांबा गावच्या त्या बाजारात अख्खं भाजलेलं डुक्कर विकणाऱ्या बायांचे चौदा ओटे एका रांगेत होते. प्रत्येक ओट्यावर रात्रभर भट्टीत भाजलेलं डुक्कर, तोंडात टोमॅटो, अंगावर मिरच्यांची माळ, आणि कातडी अशी की सुरीची मूठ मारली तर टणकन वाजावी. "ये राजा, ये राणी, चाखून बघ," असं चौदाही जणी ओरडायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तळहातावर तुकडा ठेवायच्या. पण देल्फिनाच्या ओट्यावर तिच्या आईने घालून दिलेला एक जादा नेम होता. पहिला तुकडा विकणारीने स्वतः खायचा, चारचौघांदेखत. "जी आपलं खात नाही, तिचं कुणी खाऊ नये," असं आई म्हणायची.

देल्फिनाने तो नेम छत्तीस वर्षं पाळला. बाजारातली सगळ्यात रुंद बाई मी, कारण सगळ्यात चांगलं डुक्कर माझं, असं ती कमरेवर हात ठेवून सांगायची. ती कंबर म्हणजे दुकानाची पाटीच होती.

तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरणीने त्या पाटीभोवती टेप फिरवली.

"एकशे चौदा," डॉक्टरीण म्हणाली. "आणि ही साखर बघा. कमरेवरचं हे सगळं डोळ्यांवर येतंय, देल्फिनाबाई. डावा अंधुक झालाच आहे. उजवा ठेवायचाय ना?"

देल्फिनाची आई शेवटची चार वर्षं आंधळी होती. भिंत चाचपत न्हाणीकडे जायची आणि वाटेत आपल्याच लेकीला विचारायची, "कोण गं तू?" ते आठवलं, आणि पोलिसालाही उलटं बोलणाऱ्या देल्फिनाने पथ्याचा कागद मुकाट्याने घेतला.

तेव्हापासून घरात बटाट्याचे तळलेले गोळे बंद झाले. भात मुठीएवढा, दुपारी किन्वाचं पातळ सूप, रात्री चोचोचे उकडलेले पांढरे दाणे आणि गाजर. पहाटे पार्कात नाच. आणि डुक्कर बंद, म्हणजे खायचं बंद. विकायचं बंद करून कसं चालेल? म्हणून पाचपर्यंत मोजायचं, आणि रुमाल.

माणसांपैकी कुणाला काही कळलं नाही. कळलं ते बाजारातल्या राखाडी मांजराला. ते तेरा ओटे सोडून रोज हिच्याच पायाशी येऊन बसू लागलं.

"कोमाद्रे," शेजारच्या ओट्यावरून लास्तेनिया म्हणाली. लास्तेनिया देल्फिनाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे घरच्याच. त्यामुळे टोमणा मारायचा पहिला मान तिचा. "हे मांजर तुझ्या खिशाच्या प्रेमात पडलंय की काय?"

"तुझ्या डुकराच्या वासाने पळून आलंय बिचारं."

"आणि ती एप्रनची नाडी. पूर्वी मागे गाठीला पुरायची नाही, आता फिरून पुढे येतेय. जंत झालेत का गं?"

"माझं माप घ्यायला तू शिंपीण कधी झालीस?"

अख्खी रांग हसली. देल्फिनाही हसली, पण खिशातली पुरचुंडी मांडीला चटका देत राहिली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे न खाणारीलाच खवखवत होतं.

पहाटे सहाला पार्कात नगरपालिकेचा नाच शिकवणारा बायरन मोठा स्पीकर लावायचा. थंडी अशी, की चिंबोरासो डोंगरावरचं बर्फ सरळ हाडांत उतरावं. साठ-सत्तर बाया, चार-पाच निवृत्त मास्तर, सगळे हात वर करून उड्या मारायचे. देल्फिना शेवटच्या रांगेत झाडाआड, शाल नाकापर्यंत ओढून. पहिल्या दिवशी कंबर डावीकडे गेली तर पोट उजवीकडे. "मागच्या रांगेतल्या आई, लाजू नका, झाड काही बघत नाही," बायरन माइकवरून म्हणाला, आणि देल्फिनाला वाटलं, ह्याला कातडीसकट भाजावं.

पहिल्या रांगेत एक काटकुळी, पांढऱ्या वेणीची बाई नाचायची. चौथ्या आठवड्यात ती पाणी प्यायला वळली आणि देल्फिनाने ओळखलं. ब्लांका.

सव्वीस वर्षांपूर्वी बाजारातला पाचवा ओटा ब्लांकाचा होता. ती डुक्कर विकायची आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून डब्यातला मऊ भात खायची. एका शनिवारी, बाजार माणसांनी फुललेला असताना, देल्फिनाने पार दारापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं होतं, "काय गं ब्लांका, तुझ्या डुकरात असं आहे तरी काय, की जेवताना भिंतीकडे तोंड करावं लागतं?" आणि त्यामागून आईचं ते वाक्य. लोक पोट धरून हसले. दोन महिन्यांत पाचवा ओटा रिकामा झाला. त्याची गिऱ्हाइकं बायांनी वाटून घ्यायची रीत होती. देल्फिनाने ती एकटीनेच घेतली.

पार्कात तिने शाल डोळ्यांपर्यंत वर ओढली. उद्यापासून यायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दिव्याकडे बघितलं, डाव्या डोळ्यापुढे तेच धुकं होतं. ती मुकाट्याने बूट घालून निघाली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरणीची टेप एकशे सहावर थांबली. देल्फिनाला पोरीसारखा आनंद झाला, आणि तो सांगायला एक माणूस नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी मांजराने तिचं नाक कापलं. पाच मोजून झाले होते, पुरचुंडी खिशात गेली होती, आणि देल्फिना मांडीचा भाग कापायला वाकली होती. मांजर स्टुलावर चढलं, खिशात डोकं घातलं आणि पुरचुंडी ओढून फरशीवर टाकली. कागद उलगडला. त्यात चावलेला, न गिळलेला तुकडा सगळ्यांसमोर पडला होता. मांजराने तो शांतपणे खाल्ला.

म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने बघितलं. लास्तेनियानेही वाकून बघितलं. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"जी आपलं खात नाही..." लास्तेनिया हळूच म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही. पुढचं बाजारातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

म्हाताऱ्याने ताटली खाली ठेवली. हातरुमालाने तोंड पुसलं, दोनदा. "काय आहे ह्यात, बाई?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "वीस वर्षं खातोय मी."

"काही नाही हो. डुक्कर चांगलं आहे. मीच..." देल्फिना फरशीवरचा कागद उचलायला वाकली.

संध्याकाळी अर्धं डुक्कर हातगाडीवरून घरी परत आलं. वाटेत लोकांच्या पायांकडे बघत चालताना तिला कळलं, की ब्लांका ही वाट दोन महिने रोज चालली होती.

सोमवारी पहाटे ती शाल घरीच ठेवून गेली. झाड ओलांडलं, सगळ्या रांगा ओलांडल्या आणि ब्लांकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ब्लांका."

"हात वर," मान न वळवता ब्लांका म्हणाली. "नाचताना बोलू नकोस. दम जातो."

गाणं संपेपर्यंत देल्फिनाने हात वर केले, खाली केले. मग धापा टाकत म्हणाली, "मी तेव्हा जे बोलले ते..."

"पोटात जखम होती मला." ब्लांका बाटलीचं झाकण उघडत होती. "तेलाचा थेंब गेला तरी रक्त पडायचं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, आजारी बाईच्या हातचं कोण खाणार. म्हणून भिंत."

"मला काय ठाऊक गं..."

"विचारलं होतंस की. उत्तराला थांबली नाहीस."

देल्फिनाने वाकून बुटाची नाडी आवळली. "बाजारात ये ना एकदा," ती म्हणाली. "माझ्या ओट्यावर बस. सगळ्यांदेखत माफी मागते."

"नको." चहा नको म्हणावं तसं ब्लांका म्हणाली. "त्या दारातून मी परत आत जाणार नाही."

स्पीकरवर दुसरं गाणं लागलं. ब्लांकाने देल्फिनाच्या कोपराला खालून एक टोला दिला. "कंबर फिरव, खांदे नाही. तीन महिने त्या झाडामागे नुसते खांदे फिरवत होतीस."

त्याच सकाळी ओट्यावर डुक्कर आलं. देल्फिनाने पहिला तुकडा कापला आणि सुरीच्या टोकावर उंच धरला. रांगेतल्या बाया वळून बघू लागल्या. मांजर येऊन बसलं. देल्फिनाने सुरी खाली आणली आणि तुकडा ताटलीत ठेवला.

"मला शुगर आहे," ती म्हणाली. "डोळे चाललेत. डॉक्टरणीने हे बंद केलंय. तीन महिने मी तुमच्यादेखत चावत होते आणि लपून थुंकत होते. डुक्कर खरं होतं, मी खोटी होते." मग पाचव्या ओट्याकडे न बघता, "ब्लांकालाही पोटाचं दुखणं होतं. जुन्यांना ब्लांका आठवत असेल."

लास्तेनिया आपल्या मिरच्यांची माळ उगाच सारखी करत राहिली.

देल्फिनाने डबा काढला. स्टूल फिरवलं, भिंतीला पाठ लावली आणि बाजाराकडे तोंड करून बिनमिठाचे चोचो आणि गाजर चमच्याने खाऊ लागली. प्रत्येक घास सगळा बाजार तिच्याबरोबर चावतोय असं वाटत होतं. तरी तिने डबा संपवला.

दुपार होत आली. रोजचा म्हातारा आला, तिच्या ओट्यावरून पुढे गेला आणि लास्तेनियाकडे बसला. लास्तेनियाने त्याला वाढलं, पण वाढताना देल्फिनाकडे बघितलं नाही.

मग बसमधून उतरलेला, खांद्यावर पिशवी असलेला कुणी परगावचा माणूस ओट्यापुढे थांबला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"कसं झालंय, बाई?"

छत्तीस वर्षांचं उत्तर जिभेवर तयार होतं. देल्फिनाने ते गिळलं. एक तुकडा कापून त्याच्या तळहातावर ठेवला.

तो चावू लागला. आज मीठ कसं पडलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने चांगला डोळा त्याच्या तोंडावर ठेवला, आणि उत्तराला थांबली.