ई मायनर आणि जी

तार तटकन तुटली तेव्हा गिटार मनकर्णाबाईंच्या मांडीवर होती, आणि जिन्यात रेक्टर मॅडमच्या चपला वाजत होत्या.

मुकुंदवाडीतल्या त्या मुलींच्या वसतिगृहात मनकर्णाबाई नऊ वर्षं पोळ्या लाटत होत्या. वरच्या मजल्यावरच्या मंतशाची गिटार ऐकून एका दुपारी त्यांनी सहज हात लावून पाहिला, आणि खुलताबादच्या त्या पोरीनं त्यांना शिकवायलाच घेतलं. महिनाभरात तारांवरच्या बोटांच्या दोन पकडी, म्हणजे दोन कॉर्ड बसले, ई मायनर आणि जी. तव्यावर भाजून निबर झालेल्या बोटांना तारा टोचत नव्हत्या.

"आमची सोलून निघतात मावशी, तुमची रेडीमेड आहेत," मंतशा हसायची.

एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मात्र हात अडखळायचा. आज सूर लावायला म्हणून त्यांनीच खुंटी जास्त पिळली होती.

"अभ्यासाच्या वेळेत हे कोण वाजवतंय?" मॅडम दारात उभ्या राहिल्या.

गिटार एव्हाना खाटेवर मंतशाशेजारी गेली होती. "मला काय ठाव मॅडम? मी ताटं न्यायला आले."

आपण हे बोललो, हे मनकर्णाबाईंना बोलून झाल्यावर कळलं. मंतशानं एकदाच त्यांच्याकडं पाहिलं.

"मीच होते, मॅडम."

गिटार ऑफिसात गेली आणि मंतशाच्या घरी फोन.

रात्रीच्या जेवणाला मंतशा ताट घेऊन रांगेत आली. "मावशी, वरण मस्त झालंय हां."

मनकर्णाबाईंनी पळी खाली ठेवली नाही, मानही वर केली नाही. पोरीनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कणीक मळताना मुलींचं बोलणं कानावर पडलं. एक जरी तक्रार आली तर शिक्षण बंद, या अटीवर घरच्यांनी मंतशाला इथं ठेवलं होतं. अब्बा उद्या न्यायला येणार होते.

मनकर्णाबाईंनी हात धुतले आणि ऑफिस गाठलं. खुर्चीत मॅडम होत्या, शेजारी क्लार्क राजेंद्र.

"मॅडम, ती मी वाजवत होते. तारबी मीच तोडली."

मॅडम हसल्या. "तुम्ही? गिटार? मावशी, पोरीला वाचवायला काहीही सांगू नका."

"खोटं नाय मॅडम. खोटं काल बोलले."

कपाटावरची गिटार त्यांनी स्वतःच उतरवली. राजेंद्रला हसू फुटलं. पदर खोचलेला, मनगटाला कणीक, कान तापून लाल. त्यांनी ई मायनर धरला आणि हात तारांवरून खाली, खाली, वर फिरवला. मग जी. तुटक्या तारेपाशी सूर घोगरा झाला, बोटं अडखळली. त्यांनी पुन्हा धरला.

राजेंद्रचं हसू थांबलं. मॅडमनी बराच वेळ टेबलावरचा पेन फिरवला, मग फोन उचलला. "मंतशाच्या वडिलांना सांगते, चूक आमची झाली. आणि मावशी, पुन्हा ड्युटीवर हे नको."

"व्हय मॅडम."

गिटार घेऊन त्या वर गेल्या. मंतशा कपडे पिशवीत भरत होती.

"सांगितलं मी समदं. अब्बा नाय येणार."

"कायकू मावशी? लोक हसले असतील ना?"

"हसले."

मंतशानं खाटेवर सरकून जागा केली. मनकर्णाबाईंना तिच्या बरोबरीनं बसवेना. त्या भिंतीला टेकून फरशीवर बसल्या. मंतशानं पिशवी बाजूला सारली, खाटेवरून उतरली आणि त्यांच्या शेजारी फरशीवर येऊन बसली.