डाळिंबी झगा

मित्रांनो, मी एक जुना, बिनडोक पुतळा आहे. ही शिवी नव्हे, मला खरोखरच डोकं नाही. शिंप्याच्या दुकानात शिवलेले कपडे चढवून बघायला धडापुरता एक पुतळा असतो ना, तो मी. मानेच्या जागी लाकडाची गोल चकती, खाली छाती, कंबर आणि त्याखाली तीन पायांची लोखंडी घोडी. हात नाहीत, म्हणून मी कुणावर कधी उगारले नाहीत. तोंड नाही, म्हणून कुणाला टोचून बोललो नाही. "मग तुला दिसतं कसं?" असं तुम्ही विचाराल. ते मलाही ठाऊक नाही. पण डोळे असून समोरचं न दिसणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की त्याचं मला फारसं नवल वाटत नाही.

कागदाचा लगदा, सरस आणि वरून ताणून बसवलेलं मांजरपाट, एवढ्यावर माझा देह तयार झाला. छातीला, कंबरेला आणि बैठकीला पितळी किल्ल्या बसवल्या. त्या एका बाजूला फिरवल्या की मी रुंद होतो, उलट फिरवल्या की आक्रसतो. मला गाडीत चढवताना गाडीवानाने कारखान्यातल्या बाईंना विचारलं, "हा बाई आहे की बाप्या?" त्या हसून म्हणाल्या, "गिऱ्हाईक येईल तसा!"

मी आलो तो मास्तरांच्या दुकानात. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. उंच, किडकिडीत, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे ते कमी बोलत आणि तीच सवय टाचण्या नसतानाही राहिली. त्यांनी मला खिडकीशी उभं केलं आणि माझं नाव ठेवलं ठोंब्या.

ते दिवस फार आनंदाचे होते. सकाळी माझ्या अंगावर एखाद्या पहारेकऱ्याचा खाकी सदरा असे, दुपारी एखादीचा फ्रॉक, संध्याकाळी म्हाताऱ्या वकिलांचा कोट. मला सगळंच आवडे. मखमल मऊ लागे, तागाचं कापड थंड लागे, लोकर गुदगुल्या करी. कापड कुणाचं आहे हे त्याच्या स्पर्शावरून मला कधी कळलं नाही. येणारीजाणारी माणसं खिडकीपाशी थबकत आणि म्हणत, "वा मास्तर, काय बसलाय कपडा!" मी बसलेला नसे, उभाच असे, पण कौतुक मला पोचत असे.

एके दिवशी दुकानात लिफ्टकाका आले. ते आसपासच्या उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करत. अंगाने दणकट, हाताच्या रेषांत कायमचं काळं वंगण, पायात जाडजूड बूट. मुलं त्यांना लिफ्टकाका म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी काखेतलं पुडकं टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. आत मऊ सुती कापड होतं, डाळिंबी रंगाचं, त्यावर बारीक पांढरी फुलं.

"झगा शिवायचाय," ते म्हणाले. "पायघोळ. कंबरेला चुण्या हव्यात."

"वहिनींसाठी का? माप आणलंय?" मास्तरांनी विचारलं.

काकांनी दोन्ही हात अंगापासून जरा बाजूला धरले. मग म्हणाले, "माप इथंच आहे. घ्या."

मास्तरांच्या हातातला टेप क्षणभर तसाच लोंबत राहिला. मला वाटलं, आता ते हसतील. पण त्यांनी टेप काकांच्या छातीभोवती गुंडाळला आणि एवढंच विचारलं, "खांद्यात सैल ठेवू ना? तुमचं हात वर करायचं काम."

"ठेवा," काका म्हणाले.  "आणि मास्तर, खिसे हवेत. दोन्ही बाजूंना. बायकांच्या कपड्यांना खिसे का देत नाहीत तुम्ही लोक? माणसाने पाना ठेवायचा कुठं?"

दोघंही खूप हसले. मास्तरांनी माझ्या किल्ल्या फिरवून मला काकांएवढा रुंद केला आणि झगा माझ्याच अंगावर उभा राहिला. बाही लावताना मास्तरांनी खांद्याशी मुंढा दोनदा उसवला, कारण इतक्या भरीव दंडाला चुणीदार बाही त्यांनी पूर्वी कधी लावली नव्हती.

काका झगा घेऊन गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांची बायको दुकानात आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, तुरुतुरु चालणारी. तिच्या हातात तो झगा होता. मास्तर उठून उभे राहिले. आता भांडण होणार, असं त्यांना वाटलं असावं.

"मास्तर, तुम्हीच शिवलात ना हा?" काकूंनी विचारलं.

"हो वहिनी."

"गळा टोचतोय त्यांना. आतून मऊ पट्टी लावून द्या. आणि घेर इतका छान पडलाय, की मी म्हटलं, हे शिंपीबुवा बघून तरी यावेत!"

मग काकू बसल्या आणि सांगू लागल्या. लग्नाआधीच काकांनी काकूंना सांगून टाकलं होतं, की मला असले रंग आवडतात, असले कपडे आवडतात, काजळ घालावंसं वाटतं. मी पुरुषच आहे, तुझा नवराच असेन. पण हे आवडतं. "मी म्हटलं, मला वांगं आवडत नाही, तुम्हाला काजळ आवडतं. त्यात काय मोठंसं?" काकांच्या पायांच्या नखांना रंग काकूच लावून देत. कामाच्या बुटांत तो कुणाला दिसत नसे. "दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली नेण्याची सोय करतात. बुटातल्या बुटात जरा खूश असतात, तर असू देत."

पहिल्यांदा झगा घालून काका रस्त्याने दुकानापर्यंत चालत आले, तो दिवस मला चांगला आठवतो. भर दुपार होती. डोळ्यांत काजळ होतं, आणि एका खिशातून खरंच पान्याचा दांडा डोकावत होता. समोरचा पाववाला बघतच राहिला. कुणीतरी शीळ घातली. काका आत आले, खुर्चीवर बसले आणि मास्तरांना म्हणाले, "वारा लागतो हो पायांना. किती बरं वाटतं!"

पण गल्लीला दृष्ट लावायला वेळ लागत नाही. तिळाचा ताड झाला. काही इमारतींनी दुसरा लिफ्टवाला शोधला. काकांच्या मुलाला कचेरीत लोक चिडवू लागले. मुलगा वाईट नव्हता, मित्रांनो. लहानपणी तो बापाच्या खांद्यावर बसून या दुकानात यायचा आणि माझ्या पोटात बोट खुपसायचा. पण आता त्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांच्या कानावर काही जाईल या धास्तीने तो सुकून गेला होता.

एका संध्याकाळी काका झगा घडी करून घेऊन आले. अंगात नेहमीचा निळा कामाचा डगला होता.

"मास्तर, हा तुमच्याकडे राहू दे."

"काही उसवलंय का?"

"उसवलं नाही काही. पोरगा म्हणाला, बाबा, माझं लग्न होईपर्यंत तरी. हात जोडले हो त्याने माझ्यापुढे. लेकाने बापापुढे हात जोडावेत, एवढा काही तो कपडा मोठा नाही."

मास्तरांनी झगा घेतला. कपाटात न ठेवता त्यांनी तो माझ्या अंगावर चढवला आणि मला खिडकीपासून आत, पडद्यामागे नेऊन ठेवलं. "इथं असेल," ते म्हणाले. "वाटेल तेव्हा या."

लग्न झालं. मग सून घरात आली, तिच्या माहेरच्यांची ये-जा सुरू झाली. झगा घरी काही गेला नाही. पण दर आठवड्याला, कामाला सुट्टी असे त्या दिवशी दुपारी, काका दुकानात येत. पडद्यामागे माझ्या अंगावरून झगा उतरवत आणि स्वतःच्या अंगात घालत. काजळाची डबी त्यांच्या खिशातच असे. मग ते आणि मास्तर चहा पीत बसत. काका बोलत, मास्तर काजं करत ऐकत. थोड्या वेळाने काका तोंड धुऊन काजळ पुसत, झगा पुन्हा मला घालत आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणत, "सांभाळ रे ठोंब्या."

मी सांभाळला. त्यांच्या अंगाची ऊब त्या कापडात जरा वेळ टिकून राही, ती मी पुरवून पुरवून घेत असे.

आणि एका आठवड्यात ते आलेच नाहीत. मास्तरांनी दोन कप चहा मागवला होता. दुसरा कप तसाच निवून गेला, त्यावर साय धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाशी काकू आणि त्यांचा मुलगा येऊन उभे राहिले. सुट्टी असूनही कुठलीशी अडकलेली लिफ्ट सोडवायला काका गेले होते, तिथेच त्यांच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलाच्या हातात एक काळा कोट होता. काकांच्या स्वतःच्या लग्नातला. "हा जरा मोठा करून द्या मास्तर," तो म्हणाला. "आजच हवाय. त्यांना घालायचाय."

मास्तरांनी कोट उलटून बघितला. "यात दाबून ठेवलेलं कापड नाही फारसं. घट्ट होईल त्यांना."

"आता घट्ट काय आणि सैल काय," मुलगा म्हणाला.

काकूंचं लक्ष तेव्हा पडद्याकडे गेलं. पडदा अर्धा सरकलेला होता. त्या माझ्याजवळ आल्या आणि झग्याच्या घेरावरून त्यांनी हात फिरवला. "हा घालूया त्यांना," त्या म्हणाल्या.

"आई, नको ना."

"जन्मभर तुझ्यासाठी घातलं त्यांनी. डगला घाला म्हटलंस, घातला. आज त्यांच्या मनासारखं होऊ दे."

"सगळे नातेवाईक येणार आहेत. कचेरीतले येणार आहेत. लोक हसतील, आई! बाबांना शेवटचं बघताना लोक हसतील. ते मला बघवणार नाही."

"दवाखान्यात त्यांच्या पायांच्या नखांचा रंग तू खरवडून काढलास," काकू हळूच म्हणाल्या. "मी बाहेर उभी होते. मला दिसलं. पूर्वी कधी तू त्यांचे पाय एवढे नीट धरले नव्हतेस."

मुलगा भिंतीकडे तोंड करून रडू लागला.  रडणाऱ्या लेकाशी काकूंना भांडता आलं नाही. त्या बाकावर बसून राहिल्या आणि मास्तरांनी माझ्या अंगावरून झगा काढला.

काळा कोट माझ्यावर चढला. मी आयुष्यात शेकडो कोट घातले, पण असा जड एकही नव्हता. मास्तरांनी पाठीची शिवण उसवली आणि आतून दुसऱ्या काळ्या कापडाचा तुकडा जोडला. त्यांचं बोट टाचणीने टोचलं, तरी ते थांबले नाहीत. कोट गेला. त्या कोटातच काका गेले. लोक हसले नाहीत. फार रुबाबदार दिसत होते, असं म्हणाले म्हणे.

त्यानंतर दुकानाचेही दिवस फिरले. लोक तयार कपडे घेऊ लागले. मास्तरांना सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागू लागले. मी कोपऱ्यात गेलो. माझ्या पाठीचं मांजरपाट फाटलं, उंदरांनी आतला लगदा कुरतडला. कुणी माझ्यावर ओली छत्री टांगे, कुणी पिशवी. पण मला उंदरांपेक्षा ती दुपारची मोकळी खुर्ची जास्त कुरतडत असे.

बऱ्याच काळाने काकू पुन्हा आल्या. मुलाने त्यांना गाडीतून आणलं होतं. त्या वाळून लहान झाल्या होत्या.

"मास्तर, तो झगा आहे का हो?"

"आहे की." मास्तरांनी तो कपाटातून काढला.

"माझ्या मापाचा करून द्या."

मास्तरांनी माझ्यावरची धूळ झटकली आणि गंजलेल्या किल्ल्या उलट फिरवून मला काकूंएवढा केला. झगा माझ्यावर चढला आणि खांद्यांवरून ओघळला. मास्तरांनी खडूने खुणा केल्या, इथून एवढा, तिथून एवढा. मग कात्री घेतली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हे सगळं कापणार?"

"कापल्याशिवाय तुम्हाला बसणार नाही वहिनी. यात तुमच्यासारख्या दोघी मावतील."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "मावू देत दोघं."

त्या झगा घेऊन पडद्यामागे गेल्या. बाहेर मुलगा मास्तरांसमोर अवघडून उभा होता. बराच वेळ त्याने टेबलावरचा खडू उगाच फिरवला.

"बाबा इथं येऊन काय करायचे, मास्तर?"

"बसायचे. चहा प्यायचे."

"आणि?"

"तुमच्या गोष्टी सांगायचे. लहानपणच्या. तुम्ही लिफ्टला घाबरायचात म्हणे, मग ते तुम्हाला उचलून जिन्याने न्यायचे. ते सांगताना फार हसायचे."

"हा घालून?"

"हा घालून."

मुलाने खडू खाली ठेवला. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. झगा जमिनीवर लोळत होता, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नव्हती. मानेमागची दोन बटणं उघडीच राहिली होती. हात पोचत नव्हता. मुलाने आईकडे पाहिलं, पुढे झाला आणि खाली मान घालून ती बटणं लावू लागला. काज त्याला लवकर सापडत नव्हतं. काकू न हलता उभ्या राहिल्या. बटणं लागल्यावरही त्याने हात काढला नाही. त्या फुलांच्या कापडावर, रिकाम्या राहिलेल्या रुंद खांद्यावर, तो हात तसाच ठेवून उभा राहिला.

मित्रांनो, माझं आता फारसं काही उरलेलं नाही. माझ्या पाठीला एक ठिगळ लावलंत तर बरं होईल, पण ते राहिलं तरी चालेल. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरात कुणी भाऊ, मामा, बहीण, आत्या असेल. आवडीचा रंग अंगावर धरून आरशापुढे उभं असेल आणि तुमची चाहूल लागताच दचकेल. तेव्हा हसू नका. हा कपडा कुणाचा असतो, हेही विचारू नका. जवळ जा आणि म्हणा, "मागची बटणं लावून देऊ का?"

लिफ्टकाकांचा मुलगा ते वाक्य आता रोज म्हणायला तयार आहे. ऐकायला काका नाहीत.