सहा मंगळवार

आमच्या पुतणीचं लग्न घरातल्या अकरा माणसांत उरकलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नवरदेवाच्या तोंडालाही मास्क होता, त्यामुळे तो हसतोय की रडतोय हे फोटोत कुणाला कळलं नाही. शहरात तेव्हा पाचातल्या दोनच बस धावत होत्या. चाळीस सिटांच्या गाडीत वीसच माणसं घ्यायची असा हुकूम होता. एक सोडून एका सिटावर लाल रंगाची फुली मारलेली होती.

त्यातल्या एका गाडीवर मास्तर कंडक्टर होता. नोकरीला एकतीस वर्षं झाली होती आणि पाय रोज सुजत होते. पूर्वी नुसती तिकिटं फाडायची. आता तिकिटं फाडायची, माणसं मोजायची, नाकाखाली घसरलेले मास्क वर घ्यायला सांगायचं आणि वर त्यांचीच बोलणी खायची. घरी आल्यावर बायको दारातच कपडे उतरवायला लावायची. तो पायरीवर बसायचा तो बसूनच राहायचा. बुटाची नाडी सोडायचंही त्राण नसायचं.

घरात तिसरं माणूस म्हणजे आक्का, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मास्तर चार वर्षांचा होता आणि आक्का चौदाची. तिनंच त्याला वाढवलं. पुढं सव्वीस वर्षं तिनं सूतगिरणीत काढली आणि तिथलं कापसाचं तूस छातीत घेऊन घरी बसली. आता चार पायऱ्या चढली की पाचवीवर टेकायची. डॉक्टरांनी सहा इंजेक्शनं सांगितली होती, दर मंगळवारी एक, आणि त्यातलं एकही चुकवायचं नाही. शिवाय मास्तरला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं की हा नवा आजार हिला झाला तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही.

हॉस्पिटल मास्तरच्याच रूटवर होतं, अकरा थांबे पुढं. दुसरं वाहन मिळत नव्हतं. म्हणजे आक्काला सहा वेळा न्यायचं, सहा वेळा आणायचं आणि आजाराला तिच्या जवळ फिरकू द्यायचं नाही. एवढंच एक काम मास्तरच्या डोक्यात उरलं.

त्यानं सव्वा अकराची फेरी निवडली, कारण तिला गर्दी कमी. ड्रायव्हरच्या पाठीमागचं एकटं सीट तिच्यासाठी राखलं. तिथली खिडकी कितीही गार वारा आला तरी उघडी राहील असं बघितलं. आणि तिला ताकीद दिली की गाडीत बोलायचं नाही, माझ्याशीही नाही, बोलताना थुंकी उडते. जिच्या तोंडाला जन्मात कधी कुलूप लागलं नव्हतं ती आक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. भाऊ मागच्या दाराशी, बहीण पुढं. घरीही तो बाहेरच्या खोलीत वेगळाच जेवायचा. एका नेहमीच्या प्रवाशानं ड्रायव्हरला हळूच विचारलं म्हणे, या दोघांचा घरावरून वाद चाललाय का? ड्रायव्हर अंगानं काडीसारखा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. तो म्हणाला, वाद नाही, प्रेम आहे, फक्त हुकमाप्रमाणे एक सीट सोडून.

पहिल्याच मंगळवारी आक्कानं ताकीद मोडली. मास्तरची एकतीस वर्षांची सवय होती, तिकीट फाडायच्या आधी अंगठा जिभेला लावायची. मास्क आला तरी सवय सुटली नव्हती. तो मास्क खाली ओढायचा, अंगठा ओला करायचा, तिकीट द्यायचा आणि मास्क वर घ्यायचा. आपण असं करतो हे त्याच्या गावीही नव्हतं. आक्कानं मान वळवून पाहिलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबू, अंगठा काढ तोंडातून."

सत्तावन्न वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघताना तिनं कसलीशी कडू गोळी कुटून त्याच्या अंगठ्याला चोळली. तू पाच वर्षांचा होतास तेव्हाही हाच उपाय केला होता, म्हणाली. पैलवानाला हे कळल्यावर त्यानं, उद्या दुपट्यात गुंडाळून येता का मास्तर, असं विचारून दोन आठवडे जीव नकोसा केला. पण तिसऱ्या मंगळवारपर्यंत सवय सुटली. मास्तर एका डबीत ओला स्पंज ठेवू लागला.

डेपोत चालक-वाहकांची खोली होती, दहा बाय आठची. थंडी वाढली तशी तिची एकुलती खिडकी कुणीतरी पुठ्ठा लावून बंद केली होती. दिवसभर मास्क लावून वैतागलेली माणसं तिथं येऊन मास्क हनुवटीवर ओढायची आणि मांडीला मांडी लावून चहा प्यायची. मास्तर आपला पेला घेऊन बाहेर गाडीच्या चाकाशी उभा राहायचा. आत बस म्हणून रोज कुणीतरी हाक मारायचं. तो मान हलवायचा.

पाचव्या मंगळवारी हॉस्पिटलच्या अलीकडच्या थांब्यावर तिथल्याच धुलाईघरातल्या तीन बायका उभ्या होत्या. त्यांची गाडी बंद पडली होती आणि कामावर पोचायला वीस मिनिटं उरली होती. मास्तरच्या गाडीत वीस माणसं झालेली होती. त्यानं दारात हात आडवा धरला. त्यातली वयानं मोठी बाई म्हणाली की आम्ही मागं उभ्या राहतो, एक थांबा तर आहे, उशीर झाला तर आजचा दिवस धरत नाहीत आमचा. पैलवानही आरशातून बघत म्हणाला, घ्या हो मास्तर. मास्तरनं पुढं नजर टाकली. उघड्या खिडकीशी आक्काचं पांढरं डोकं दिसत होतं. या बायका दिवसभर त्या आजाऱ्यांच्याच चादरी धुतात, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं घंटीची दोरी दोनदा ओढली आणि गाडी निघाली.

आक्का घरी येऊन पायरीवर टेकली, दम खाल्ला आणि मग म्हणाली, "हुकमासाठी टाकलंस त्यांना, की माझ्यासाठी?"

"हुकूम वीसचा आहे, आक्का."

"मी नसते तर घेतलं असतंस की नाही, ते सांग."

तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला. ती म्हणाली, मीसुद्धा अशीच धावत गिरणीचं फाटक गाठायची. फाटक बंद दिसलं की त्या दिवसाची मजुरी कशी जाते ते मला विचार. मग बोलता बोलता तिला खोकला आला आणि विषय तिथंच राहिला. मास्तर आठवडाभर त्या तीन बायकांना थांब्यावर शोधत होता. त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

सहावा मंगळवार एक डिसेंबरला आला. इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि छाती बरीच मोकळी झाली आहे, आता महिनाभर यायचं काम नाही म्हणाले. मास्तरनं आक्काला घरी सोडलं आणि डेपोत आला. सहा आठवडे ताठ धरलेली पाठ एकदम सैल पडली होती. त्याला उभं राहवत नव्हतं. पैलवानानं खोलीच्या दारातून हाक दिली, "बसा आज तरी. किती दिवस टायरशी गप्पा मारणार?"

मास्तर आत गेला. बाकावर सहा जण होते, ते सरकले आणि त्याला जागा झाली. त्यानं मास्क काढून खिशात ठेवला, बूट सैल केले आणि दोन पेले चहा घेतला. आक्का बरी आहे हे त्यानं सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. अर्धा तास गेला. कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून तो घरी आक्काशेजारी बसून जेवूही लागला. आता फेऱ्या संपल्या होत्या, धोका गाडीतच होता असं त्यानं धरून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी पैलवानाला डिझेलचा वास येईना. सातव्या दिवशी मास्तरला ताप भरला. बाकावरच्या सात जणांपैकी पाच जण आजारी पडले. गाडीतल्या नेहमीच्या प्रवाशांत मात्र कुणी आजारी पडल्याचं ऐकू आलं नाही. पैलवान पंधरवड्यात बरा झाला. मास्तर बरा झाला, त्याची बायकोही बरी झाली.

आक्का तेवीस डिसेंबरला, बुधवारी, सकाळी साडेसहा वाजता हॉस्पिटलमध्ये वारली. तिला सत्तरावं वर्षही लागलं नव्हतं.