पहाटे सासूबाई, दुपारी सूनबाई, मधे मी

मित्रांनो, मी एक जुनी लाल फीत आहे. वेणीत बांधायची नव्हे. बायबलमध्ये खुणेसाठी असते ना, ती. पुस्तक बांधणाऱ्याने डिंकाचं बोट फिरवून मला पाठीशी चिकटवलं, तेव्हापासून मी इथेच लोंबते आहे.

सूनबाईच्या लग्नातली भेट म्हणून मी या घरी आले. पाहुणे म्हणायचे, "काय सुरेख फीत!" सूनबाई दरवर्षी मोठ्या उत्साहाने पहिल्या पानापासून वाचायला बसायची. नोहाचं तारू टेकायचं, समुद्र दुभंगायचा. पण निवासमंडपाच्या, म्हणजे देवासाठी उभारायच्या तंबूच्या, पडद्यांची मापं आली, की तिला जांभया फुटायच्या. मग वर्षभर मी त्या पडद्यांतच! तिथल्या पानावर माझा रंगसुद्धा उतरला आहे.

यंदा तर कडेवर बाळ. तरी तिने मनाशी ठरवलं, रोज एक अध्याय. सांगितलं मात्र कुणालाच नाही. दरवेळी सांगून तोंडघशी पडायचा कंटाळा आला होता. दुपारी बाळ झोपलं, की ती वाचायची आणि मला पुढे सरकवायची. बाळ जागं असलं, तर मला चघळायचं. माझं टोक सदा ओलं.

अशात सासूबाईंचं मोठ्या अक्षरांचं बायबल बांधणीला गेलं. त्यांना येत्या रविवारी चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना योसेफाची गोष्ट सांगायची होती. पहाटे त्यांनी फळीवरून आम्हाला काढलं. माझ्यापाशी उघडलं, तर योसेफच! खूश होऊन एक अध्याय वाचला आणि मला पुढे सरकवून ठेवलं.

दुपारी सूनबाईने उघडलं. काल भावांनी विकलेला योसेफ आज तुरुंगात! "वाचता वाचता डोळा लागला वाटतं," ती पुटपुटली. दुसऱ्या पहाटे सासूबाई बघतात, तर योसेफाने तुरुंगात राजाच्या प्यालेबरदाराला, म्हणजे पेले भरून देणाऱ्याला, स्वप्नाचा अर्थ सांगूनही झालेला, आणि सुटल्यावर तो योसेफाला विसरूनही गेलेला. त्यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं. गोष्ट लहानपणापासून पाठ; पण काल वाचल्याचं काडीमात्र आठवेना. त्यांच्या थोरल्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं. पुढे तिला घरची माणसंही ओळखू येईनात.

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो! पण फितीला तोंड नसतं, नुसतं टोक असतं.

शनिवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "उद्या मुलांना गोष्ट सांगायला दुसरं कुणी बघा."

"का हो आई? मुलं तुमचीच वाट बघतात."

"काल वाचलेलं आज राहत नाही गं डोक्यात. एक अध्याय वाचते, दुसरा कोरा." त्यांचा घास ताटातच राहिला. "ताईसारखं होणार माझं."

सूनबाई म्हणाली, "माझंही तसंच! दुपारी वाचते, तर योसेफ परवा तुरुंगात नि काल एकदम अधिपती. म्हटलं, मी झोपेत वाचते की काय."

"दुपारी? कुठल्या बायबलमध्ये?"

"फळीवरच्या. लाल फितीच्या."

"अगं, ते तर मी पहाटे वाचते! वाचून फीत पुढे सरकवते."

"मीपण सरकवते!"

मग सासूबाई इतक्या हसल्या, की ठसका लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे योसेफाला विसरला तो प्यालेबरदार. मी नाही!"

रविवारी गोष्ट त्यांनीच सांगितली, तीही हातवारे करून. आता दोघी दुपारी एकत्र वाचतात. बांधणीचं पुस्तक परत आलं, पण ते उघडायची घाई कुणालाच नाही. पडद्यांची मापं आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जांभई दे खुशाल, मी वाचते." आणि आम्ही तिघी पडदे ओलांडून पार झालो!

म्हणून मित्रांनो, कळकळीची विनंती. खुणेच्या फितीला ओढू नका, चघळू नका. आणि पुढे सरकवण्याआधी घरात एकदा विचारा, "तुमचं कुठवर आलं?"