शेवटच्या उलटीपासून अठ्ठेचाळीस तास

सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये दिवस पाण्याच्या मोटरीने सुरू होई. सूर्यकांत देवधर मागच्या अंगणात उभे राहून टाकी भरण्याची वाट पाहत. पन्हळीतून पाणी ठिबकू लागले की ते मोटर बंद करत, मग बूथवरून दुधाच्या पिशव्या आणत, आणि आल्यावर जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून ऑफिसचा शर्ट इस्त्री करत. आज त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, तरीही शर्टाला इस्त्री झालीच. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीने, नीलाने, कुकर लावला, कणीक भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवली, आणि सगळ्यांना चहा गाळून झाल्यावर स्वतःसाठी कपभर कोरा चहा उकळला. बाहेर कडुलिंबावर पोपट भांडत होते. क्वार्टरांच्या रांगेमागून भंगारवाल्याची हाक पुढे सरकत गेली.

त्यांची मुलगी स्वरूपा बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून बॅग भरत होती. काही वस्तू घालायची, हातातल्या वजनकाट्याला अडकवून बॅग उचलायची, आकडा पाहायचा, आणि एखादे पुस्तक बाहेर काढायचे. दुपारी टॅक्सी येणार होती. संध्याकाळचे विमान, उद्या सकाळी बार्सिलोना आणि दुपारी जहाज. दिल्लीतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून ती प्रवासी जहाजांवर नर्स म्हणून गेली, त्याला पाच वर्षे होत आली होती. या खेपेला ती प्रथमच प्रमुख नर्स म्हणून रुजू होणार होती. जहाजावरचा छोटा दवाखाना, इतर तिघी नर्स आणि साथ आल्यास कुणाची केबिन बंद करायची याचा निर्णय, हे सगळे आता तिच्या हाती येणार होते.

"लाडवांचा डबा वर ठेव. खाली ठेवलास तर चुरा होईल," आई आतून म्हणाली. "आणि त्या रत्नागिरीच्या मुलाला आठवणीने दे. काय त्याचं नाव?"

"गुणवंत."

"हां, गुणवंत. सगळे एकटीच खाऊ नकोस."

स्वरूपाने डबा उचलला आणि त्याच क्षणी तिच्या तोंडाला पाणी सुटले. बेसनाच्या वासाने सुटणारे पाणी ते नव्हते. तिने डबा खाली ठेवला, उठली, न धावता न्हाणीघरात गेली, आणि दार लावताच पहिल्यांदा तिच्या हाताने नळ पूर्ण सोडला.

उलटी मोठी होती. घामाने कपाळ गार पडले. ओणवे राहूनच ती श्वास सावरत असताना बादलीत कोसळणाऱ्या पाण्याकडे तिचे लक्ष गेले. नळ आपण कशासाठी सोडला, हे तिला तेव्हा कळले. जहाजावर कर्मचारी हेच करतात. दोघांच्या केबिनमध्ये वरच्या बर्थवर झोपलेल्या सोबत्याला ऐकू जाऊ नये म्हणून ते आधी शॉवर सोडतात. बंद दारामागे बराच वेळ शॉवर चालू असला तर दार ठोठावायचे, हे नव्या नर्सना तिनेच शिकवले होते.

तिने नळ बंद केला. तोंड धुतले, आरशात पाहिले. ताप नव्हता. काल रात्री घरचेच जेवण, बाहेरचे पाणी नाही. घरात कुणी आजारी नाही.

पण आई दोन दिवस कोरा चहा पीत होती.

स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून तिने विचारले, "आई, तुझं पोट बिघडलं होतं का?"

"माझं?" आईने पोळी तव्यावर टाकली. "मला काय धाड भरलीय?"

"दुधाचा चहा का बंद केलास?"

"जळजळतं म्हणून."

"उलट्या झाल्या?"

"काय ग सकाळी सकाळी..."

"किती झाल्या? कधीपासून? शेवटची कधी?"

हा आवाज घरातला नव्हता. आईने गॅस बारीक केला आणि मुलीकडे न पाहता सांगितले. पानिपतला बाबांच्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचे लग्न होते. तिथून आल्यावर दुसऱ्या रात्री तिचे पोट ढवळायला लागले. तीन-चार उलट्या झाल्या, पहाटेपर्यंत जुलाब. तिने मोरीत पाणी सोडून ठेवले होते. सकाळी ओवा चावला, सुंठ-साखर घेतली आणि दुपारी लाडू वळायला बसली. काल सकाळी पुन्हा एकदा उलटी झाली, तेवढीच.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कशी सांगू? मागच्या वेळी मला ताप आला, तू विमान पुढे ढकललंस, आणि तुझी ती प्रमुखाची जागा तुझ्याबरोबरच्या त्या साधनाला गेली. माझ्या तापापायी. ह्या वेळी मी ठरवलंच होतं. मेले तरी बोलणार नाही." मग तिचा चेहरा बदलला. "का? तुला काही झालं का?"

स्वरूपाची नजर ओट्यावर गेली. तिने तव्याजवळचा पोळ्यांचा डबा पाहिला, पाण्याचा माठ, त्यात बुडवायचे एकच ओगराळे, बाबांनी नुकताच विसळून ठेवलेला कप. आजार लपवणाऱ्या माणसांना ओळखणे हा तिचा व्यवसाय होता. त्यांचे डोळे, जेवणाच्या ताटात नुसतेच फिरवलेले चमचे, वाजवीपेक्षा मोठे हसू, सगळे तिला कळे. आपल्या आईकडे तिने तसे पाहिलेच नव्हते.

थोड्या वेळाने नोएडाहून तिचा मोठा भाऊ चिन्मय आला. बहिणीला विमानतळावर पोचवायला त्याने सुट्टी घेतली होती. त्याने पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि आईकडून सगळी हकिगत ऐकून हसला.

"पानिपताहून मराठे धडधाकट परत येतील ही अपेक्षाच चूक आहे, आई. हिस्ट्री वाच."

"हसू नकोस, दादा. हात धुतलेस का?"

"सॅनिटायझर लावलं ना गाडीत."

"त्याने हा जंतू मरत नाही. साबण लाव."

"अच्छा बाई." तो हात धुऊन आला. स्वरूपा न्हाणीघरातून दुसऱ्यांदा बाहेर येत होती. तिचा रंग पाहून त्याचे हसू थोडे ओसरले. "यार स्वरू, एकदाच झालंय ना?"

"दोनदा."

"मग काय? ऑफिसच्या कँटीनमध्ये छोले खाल्ले की माझं दर आठवड्याला होतं. गोळी घे, झोप, विमानात पुन्हा झोप. पोचेपर्यंत फिट होशील."

ती जेवणाच्या टेबलाशी बसली. गोळी तिच्याकडे होती, जिभेखाली ठेवायची. ती घेतली तर दुपारपर्यंत उलट्या थांबतील, हे तिला ठाऊक होते. उद्या दुपारी ती चालती-बोलती, हसती जहाजावर चढेल. नियम मात्र गोळी मोजत नाही. शेवटच्या उलटीपासून अठ्ठेचाळीस तास माणसाने एकटे राहायचे, कारण बरे वाटू लागल्यावरही हातांवाटे आजार दुसऱ्यांकडे जातच असतो.

"मी नाही गेले तर जागा पुन्हा साधनाला जाईल," ती म्हणाली. "आणि सलग दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर मंत्रालयात फाइली लिहिलेला हा माणूस, ऑफिसचे पेनसुद्धा घरी आणत नसे.

"मी कधी फाइलवर खोटं लिहिलेलं नाही, स्वरूपा," ते सावकाश म्हणाले. "पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही कधी लिहिलं नाही. तुला कुणी विचारलंय का?"

"विचारतात, बाबा. जहाजावर चढताना शिडीपाशी प्रत्येकाला विचारतात. दोन दिवसांत उलटी, जुलाब झाले का, म्हणून."

"कोण विचारतं?"

"प्रमुख नर्स."

बाबांनी चष्मा परत लावला.

फोन वाजला. मुंबईच्या भरती कंपनीच्या दिल्ली कार्यालयातला इंद्रजित होता. "गुड मॉर्निंग मैडम, सब रेडी? चेक-इन मैंने कर दिया है, विंडो सीट."

"इंद्रजितजी, एक बात है... मैं दस मिनट में फ़ोन करती हूँ।"

"सब ठीक तो है न?"

"करती हूँ।"

फोन ठेवून ती मागच्या अंगणात गेली. तिला गुणवंत आठवत होता. गेल्या वर्षी तो बुफेवर काम करायचा. त्याने दोन दिवस उलट्या लपवल्या, कारण पुढच्या बंदरावर त्याची सुट्टी होती आणि गावाकडे जन्मलेल्या मुलीला तो व्हिडिओवर पहिल्यांदा पाहणार होता. जहाजावर नेट मिळत नसे. स्वरूपाने त्याला भात वाढताना पकडले. केबिनचे दार बंद करताना तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आजारी पडलात तर तुमचं दार कोण बंद करणार?" तोवर उशीर झाला होता. साथ दोन मजल्यांवर पसरली. एक म्हाताऱ्या बाई नवऱ्याच्या हाताला धरून दवाखान्यात आल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून बंदरावर उतरवावे लागले. त्यांचे यजमान मागोमाग चालत होते, एका हातात स्वतःची काठी, दुसऱ्यात बायकोची पर्स. बाई जगल्या की नाही, हे जहाजाला पुढे कळले नाही. जहाज निघून गेले होते.

ते प्रवासी बहुतेक असेच असत, सत्तरीच्या पुढचे.

ती आत आली तेव्हा आई देवापुढून उठत होती. तिच्या हातात दह्याची वाटी होती. घराबाहेर पडणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवायचे, ही रीत आईने कधी चुकवली नव्हती, परीक्षेला नाही, मुलाखतीला नाही, पहिल्या जहाजाच्या वेळीही नाही. आता दुपार व्हायची होती, पण आईला धीर धरवला नव्हता.

"घे," ती म्हणाली. "काही होत नाही. शुभ आहे. हात पुढे कर."

चमचा वाटीत होता, वाटी आईच्या हातात, आणि बाबा व चिन्मय दोघे आपापले हात पुढे करून रांगेत उभे. निघणाऱ्याबरोबर घरातल्या सगळ्यांनी दही घ्यायचे, असा या घराचा प्रघात. आईच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती, की क्षणभर स्वरूपाचा हात खरोखर वर आला. मग तिने बाबांच्या उघड्या तळहाताकडे पाहिले. पुढच्या वर्षी निवृत्त होणारा, मधुमेहाचा, पासष्ट किलोचा माणूस. ही एकच वाटी सगळ्यांत फिरणार होती.

तिने वाटी आईच्या हातातून अलगद काढून घेतली.

"बाबा, हात धुवा. दादा, तूपण. साबणाने, पूर्ण मनगटापर्यंत."

"स्वरू..." आई म्हणाली.

"आई, तुझी शेवटची उलटी काल सकाळची. उद्यापर्यंत तू स्वयंपाकघरात जायचं नाही. आज खिचडी बाबा करतील."

"माझ्यामुळे," आई म्हणाली. "मी तुझं भलं करायला गेले आणि..."

"तुझ्यामुळे नाही. तू सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी तुझं दार बंद केलं असतं आणि तू रुसली असतीस. मला माहीत आहे." तिने हसण्याचा प्रयत्न केला. "चल, आता रुस."

आई हसली नाही. खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड झाकून घेतले. स्वरूपाने तिला जवळ घ्यायला एक पाऊल टाकले आणि स्वतःला थांबवले.

वाटीतले दही तिने मोरीत ओतले आणि वाटी-चमचा उकळत्या पाण्यात टाकले. लाडवांचा डबा पिशवीत घालून गाठ मारली. चिन्मय बघत होता.

"पक्कं?" त्याने विचारले.

"पक्कं."

"मग मी त्या टॅक्सीवाल्याला नको म्हणून सांगतो," तो म्हणाला आणि खिशातून फोन काढला. गंमत करण्याचे त्याला सुचले नाही.

मागच्या व्हरांड्यात उभे राहून तिने इंद्रजितला फोन केला. बोलायला फार नव्हते. आज सकाळपासून दोन उलट्या, घरात दोन दिवसांपूर्वी रुग्ण, मी उद्या रुजू होऊ शकत नाही, जहाजाच्या डॉक्टरांना तसेच कळवा.

पलीकडून खालच्या आवाजात, "मैडम, मुझे बताना ज़रूरी था? दो बार उल्टी तो किसी को भी होती है। मैंने सुना ही नहीं, समझिए।"

"आपने सुन लिया है, इंद्रजितजी।"

"पोस्ट साधनाजी को चली जाएगी। फिर मैं कुछ नहीं कर पाऊँगा। सोच लीजिए।"

"सोच लिया।"

"ठीक है," तो म्हणाला, आणि एका श्वासानंतर, "आराम कीजिए। नमक-शक्कर का पानी।"

तिने फोन खिशात ठेवला. न्हाणीघराच्या कपाटातून ब्लीच काढले, बादलीत पाणी मिसळले, हातमोजे चढवले. नळ, दाराची कडी, फ्रीजचा दांडा, माठाचे ओगराळे, टेबलाची कड, इस्त्रीची मूठ, बाबांच्या मोटरीचे बटण, सगळे तिने ओल्या फडक्याने पुसून घेतले आणि कोरडे होऊ दिले. मध्ये एकदा थांबून भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी मदतीला आले नाही. तिनेच येऊ नका म्हणून सांगितले होते.

स्वयंपाकघरात बाबा डाळ-तांदूळ धूत होते. त्यांना किती पाणी घालायचे ते ठाऊक नव्हते. आई खोलीतून ओरडून सांगत होती, आणि ते "हो, हो, बिल्कुल," म्हणत स्वतःच्या अंदाजाने पाणी ओतत होते.

स्वरूपाने आपली चादर, उशी, पाण्याची वेगळी बाटली आणि एक रिकामी बादली मागच्या छोट्या खोलीत नेली. त्या खोलीला लागून बाहेरचा संडास होता, तो आता फक्त तिचा. भरलेली बॅग बैठकीतच होती. ती तिने तशीच राहू दिली.

"जेवण दाराबाहेर ठेवा," ती म्हणाली. "मी घेईन. ताट मीच धुईन."

बाबा ओल्या हातांनी दाराशी आले. त्यांनी मान हलवली.

तिने दार ओढून घेतले आणि आतून कडी लावली.