कपावर चमचा

एमोकेने गळ्यातलं कार्ड पुढे केलं आणि टेबलामागच्या मुलीने त्यावर एक हिरवा ठिपका चिकटवला. मग दुसरा ठिपका बोटाच्या टोकावर घेऊन ती वाट बघत राहिली.

"आणि?"

"आणि काही नाही. मला एकच भाषा येते."

त्या मुलीच्या स्वतःच्या कार्डावर ठिपक्यांची इतकी दाटी होती की त्यात तिचं नाव शोधावं लागत होतं. ती हसली, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. म्हणाली, "मग इथे तुमच्याइतकं दुर्मीळ कुणीच नाही."

देझोमामाने मागून हात लांब करून आपलंही कार्ड पुढे सरकवलं. त्याला दोन ठिपके हवे होते. एक हंगेरियनचा, दुसरा सैन्यात असताना शिकलेल्या रशियन शिव्यांचा. मुलीने अगदी गंभीरपणे विचारलं की शिव्या नुसत्या समजतात की देताही येतात. देताही येतात म्हटल्यावर तिने दुसरा ठिपका लावून दिला.

दर जूनमध्ये, मुलं सुट्टीवर गेली की, बालाटोन तळ्याच्या काठावरचं हे शाळेचं वसतिगृह भाषा शिकण्याचं वेड असलेल्या या लोकांनी भरून जाई. वर्षभर ते एकमेकांना पडद्यावरच भेटत. कुणी फिनलंडात, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी कोरियात आपापल्या स्वयंपाकघरात बसून नव्याने शिकलेल्या भाषेत अडखळत चार वाक्यं बोलायचं, त्याचा व्हिडिओ करून टाकायचा, आणि कुठले कुठले अनोळखी लोक खाली चुका दुरुस्त करून द्यायचे. इथे आल्यावर नियम एवढाच, की समोरच्याच्या कार्डावर जो ठिपका असेल त्या भाषेत त्याच्याशी बोलायचं. जिन्यावर एक वाक्य पोर्तुगीजमध्ये सुरू होऊन वरच्या पायरीवर जपानीत संपत होतं. पाण्याच्या नळापाशी दोन म्हातारे कुठल्याशा भाषेत भांडत होते आणि भांडण जमतंय म्हणून मधूनमधून खूश होत होते.

"बिनकामाचे आहेत सगळे," देझोमामा म्हणाला. "एका भाषेत घरी कुणी ऐकत नाही, म्हणून दहा शिकतात."

 एमोकेच्या पिशवीत लॅपटॉप होता. काय करायचं ते ठरवूनच ती आली होती.

तिची आई पिरोश्का फेब्रुवारीत गेली. पेच शहरातल्या हातमोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिने व्हिडिओ बघून बघून आधी फिनिश शिकायला घेतली, मग पोर्तुगीज. शिकता शिकता तिच्या लक्षात आलं, की ज्यांच्याकडून आपण शिकतो त्यांनाच आपल्याकडून हंगेरियन हवी आहे. तेव्हापासून दर गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरातून एक छोटा व्हिडिओ निघू लागला. आज बाजारात काय मिळालं, ओट्यावर काय शिजतंय, खालच्या मजल्यावरचं कुत्रं का भुंकतंय. जगभरातले लोक तिला पिरोश्का नेनी म्हणत, हंगेरीत कुणाही वयस्कर बाईला म्हणतात तसं.

एमोके सेकेशफेहेरवारला पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. आठवड्यात मध्येच एकदा ती आईला फोन करायची आणि रविवारी जाऊन यायची. शेवटच्या दोन-तीन वर्षांत फोनवर आई मिनिटभरात आटपतं घ्यायची. बोलायला दम नाही गं एमी, रविवारी बोलू. रविवारीही फारसं बोलणं होत नसे. आणि गुरुवार आला की नवा व्हिडिओ आल्याची खूण एमोकेच्या मोबाइलवर उमटायची. तिने तो कधी उघडला नाही. परक्यांसाठी दम होता, हे उघडून बघायची तिची इच्छा नव्हती. आई गेल्यावर फ्लॅटच्या किल्ल्या, कपड्यांचं कपाट आणि चॅनेलचा पासवर्ड एकदमच तिच्याकडे आले. देझोमामाजवळ तिने एकदाच मन मोकळं केलं. तो म्हणाला, मग बंद करून टाक ना, माझ्या बहिणीचा आवाज चव्हाट्यावर कशाला. तिलाही तेच वाटत होतं. व्हिडिओ जोडून देण्याचं काम ताइस्तो नावाचा कुणी फिनिश माणूस करायचा. त्याला तिने कळवलं की महिनाअखेर चॅनेल बंद होईल. त्याने वाद घातला नाही. उलट लिहिलं, बंद करण्याआधी एकदा आमच्याकडे जेवायला ये.

तोच ताइस्तो आता जिन्यावरून उतरत होता. सत्तरीचा, दाराच्या चौकटीएवढा उंच, पांढरी दाढी छातीपर्यंत. सारं आयुष्य मालवाहू बोटींवर गेलेलं. तो एमोकेसमोर येऊन थांबला, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाला,

"अगं बाई, आलीस का! सकाळपासून काही पोटात गेलंय की नाही?"

देझोमामाला फिस्सकन हसू फुटलं. मग ते तिथेच विरलं. 'बाई'वरचा तो हेल, ती कललेली मान, 'पोटात' म्हणताना किंचित खाली आलेला आवाज. मामाने भाचीकडे बघितलं नाही. "हा आमच्या पिरीसारखा बोलतो," एवढंच तो पुटपुटला.

ताइस्तोला त्याची सवय होती. आपण हंगेरियन दुसऱ्या कुणाकडून शिकलोच नाही, असं त्याने सांगितलं. बुदापेश्टमध्ये भाजी घ्यायला गेलं की दुकानातल्या पोरी तोंडावर हात धरतात. एवढा मोठा पुरुष आणि भोपळी मिरच्या निवडताना म्हणतो, बाळा, जरा कोवळ्या बघून दे गं. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जेवण झाडांखाली होतं. आंबट चेरीचं गार सार, त्यावर साय, आणि कुणीतरी काठावरच्या टपरीवरून आणलेले लांगोश, म्हणजे मोठ्या तळलेल्या पुऱ्या. देझोमामाने वाइनमध्ये सोडा घालून घेतला आणि पलीकडच्या कझाक गृहस्थाला तो आपला दुसरा ठिपका ऐकवू लागला.

तेवढ्यात हिरवळीच्या टोकाला बसलेला एक घोळका एकसुरात काही म्हणू लागला. वाऱ्यामुळे शब्द तुटक येत होते, पण भाषा हंगेरियन होती. काळे, गोरे, तरुण, म्हातारे, डोक्याला रुमाल बांधलेले, उघड्या पाठीने उन्हात बसलेले, सगळे मिळून कांदा कसा परतायचा ते सांगत होते. एमोकेला आधी गंमत वाटली. मग काहीतरी खटकलं. उच्चार स्वच्छ होते. पण वाक्याच्या मध्येच, जिथे थांबायचं काहीच कारण नाही तिथे, तो सगळा घोळका एकदम थांबत होता. मग पुन्हा एकदम पुढे जात होता. एवढी माणसं, एवढ्या देशांची, आणि सगळ्यांना जणू एकच छाती होती.

काय खटकतंय ते तिच्या ध्यानात येईना. सारातला चमचा हातातच राहिला.

जेवणानंतर एक बाई तिच्या समोर येऊन बसली. नाव वहिदा. ट्युनिशियातल्या स्फाक्सची, तिथे दाताच्या दवाखान्यात काम करणारी. चाळिशीची, नीटनेटकी, परीक्षेला बसल्यासारखी ताठ. तिने एक रिकामा कप एमोकेपुढे पालथा ठेवला आणि त्यावर चमचा ठेवला. ही तिथली रीत होती. ज्याची मातृभाषा त्याच्यापुढे कप पालथा ठेवायचा आणि बोलायला लागायचं. चूक झाली की त्याने चमचा वाजवायचा. ज्याच्या बोलण्यावर चमचा जास्त वाजे तो जास्त आभार मानून उठे.

"दया दाखवू नका," वहिदा म्हणाली. "मी एवढ्या लांबून त्यासाठीच आलेय."

मग ती बोलू लागली. या लोकांत आणखी एक पद्धत होती. शिकवणाऱ्याचा अख्खा व्हिडिओ तोंडपाठ करायचा, त्यातल्या 'मी'सकट, 'माझं'सकट. मग म्हणणारा बाप्या असो की बिनलग्नाची पोर, तेवढा वेळ पिरोश्का नेनींचं घर हेच त्याचं घर.

"आज गुरुवार आहे. मी चेरीच्या बिया, हं, काढते आहे. पुष्कळ चेरी आहेत. मला एकटीला, हं, एवढ्या लागत नाहीत."

प्रत्येक थांब्यावर तिची हनुवटी जराशी वर जाई. जणू पुढचा शब्द छताला टांगलाय आणि ती तो शोधते आहे. घशातून हलकासा हुंकार निघे आणि मग वाक्य पुरं होई.

"रविवारी माझी मुलगी, हं, येते. ती फार बोलत नाही. मलाही आता, हं, फार बोलवत नाही. ती भांडी घासते तेव्हा मी तिच्या पाठीकडे, हं, बघत बसते. तिला ते ठाऊक नाही. मला तेवढं, हं, पुरतं."

देझोमामा सोड्याची बाटली हातात धरून उभा होता. त्याने ती ग्लासात ओतली नाही, खालीही ठेवली नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सोडा संपलाय," आणि भरलेली बाटली घेऊन पाण्याच्या दिशेने चालू लागला.

वहिदा बोलायची थांबली. तिने कपाकडे बघितलं, मग एमोकेकडे. तिचा चेहरा पडला होता.

"एकदाही नाही वाजवला तुम्ही."

एमोकेने चमचा उचलला होता खरा, पण तो तिच्या मुठीत होता.

वहिदाला ते खोटं कौतुक वाटलं असावं. ती पुढे झुकली आणि तिने मनातली खरी शंका बोलून दाखवली. हल्ली ती आणखी एका हंगेरियन मास्तरांकडे शिकते, पडद्यावरच. ते म्हणतात, सगळं ठीक आहे, पण मध्येच हे काय थांबतेस? आमच्यात असं कुणी थांबत नाही. तिने त्यांच्याशी वाद घातला होता. पिरोश्का नेनी थांबतात, आम्ही सगळेच थांबतो, असं सांगितलं होतं. एव्हाना आजूबाजूच्या खुर्च्या जवळ आल्या होत्या. हा प्रश्न एकट्या वहिदाचा नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

"खरं सांगा," वहिदा म्हणाली. "ते थांबणं चूक आहे?"

एमोकेने चमचा कपाशेजारी आडवा ठेवला.

"ते भाषेतलं नाही," ती म्हणाली. "तिची फुप्फुसं गेली होती. पाच-सात शब्दांपलीकडे तिला श्वास पुरत नसे. लोकांना कळू नये म्हणून ती चारचौघांतही असंच शब्द शोधल्यासारखं करायची."

 एक तरुण नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावून बसला.

ताइस्तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होता. तो हळू बोलला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यातली ती लकब बाजूला पडली होती, किंवा एमोकेला आता ती वेगळी ऐकू येत होती. त्याने सांगितलं की एक व्हिडिओ व्हायला तिला आठवडा लागे. दोन वाक्यं बोलायची, यंत्र बंद करायचं, आडवं व्हायचं. तुकडे तो जोडायचा, म्हणून त्याला ठाऊक होतं. बाकी कुणाला सांगायचं नाही, अशी तिची ताकीद होती. मधले थांबे कापून टाकतो, कळणारही नाही, असं त्याने एकदा सुचवलं होतं.

"तर मलाच रागावली," ताइस्तो म्हणाला. "म्हणाली, ठेव ते, बाळा. मी दम खाते तेवढ्यात पोरांना माझ्या मागून म्हणायला जागा होते."

तळ्यावरून एक शिडाची होडी इतकी सावकाश जात होती, की ती जागची हलते आहे हे झाडाच्या बुंध्याशी ताडून बघावं लागे. एमोके तिकडे बघत राहिली. फोनवरची ती मिनिटं तिला आठवली. त्या मिनिटभरात आईने किती वेळा श्वास घेतला असेल, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. समोर बसलेल्या या माणसांनी ते ऐकलं होतं. काय ऐकतोय हे न कळता, पण एकही न गाळता. ते त्यांनी आपापल्या घरी नेलं होतं, स्फाक्सला, आणखी कुठे कुठे. भांडी घासता घासता, रस्त्याने चालता चालता घोकलं होतं. आज या क्षणी, ज्याचं नाव एमोकेला ठाऊक नाही अशा एखाद्या गावात, कुणीतरी कांदा परतत असेल आणि वाक्याच्या मध्येच हनुवटी वर करून थांबत असेल.

"म्हणजे," वहिदा चाचरत म्हणाली, "आम्ही आता ते सोडायला हवं."

तो प्रश्न होता की निर्णय, हे तिच्या स्वरावरून कळत नव्हतं. तिने कप परत घ्यायला हात पुढे केला. एमोकेने तो हात कपासकट तिथेच धरला.

"पुन्हा एकदा म्हणाल?" ती म्हणाली. "पहिल्यापासून नको. रविवारपासून."

वहिदाने आजूबाजूला बघितलं. ताइस्तोने मान हलवली. तिने ओठ ओले केले, पाठ ताठ केली.

"रविवारी माझी मुलगी," ती म्हणाली, आणि हनुवटी वर करून थांबली.

त्या थांब्यात एमोकेचे ओठ हलले. शेजाऱ्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, धडा पहिल्यांदाच गिरवावा तसे, तिने तेच तीन शब्द आईच्या मागून म्हटले.