टाकीला झालेलं अजीर्ण

मित्रांनो, मी एक जुनी, गंजकी गोबरगॅसची टाकी आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे, शेण-पाणी कालवून केलेल्या काल्याच्या हौदात उलटी बसवलेली. गॅस साठला की मी वर उचलली जाते, संपला की खाली बसते. त्यामुळे माझी तब्येत कुणालाही लांबूनच कळते. लपवाछपवी मला जमतच नाही.

वेल्डरने मला जोडून बसवलं, तेव्हा लोक मुद्दाम बघायला यायचे. पुढे शेजारचा गोठा बंद झाला आणि शेण मिळेना. मग व्यवस्थापकांच्या सुनेने मला तळ्यातलं शेवाळ घालायचं ठरवलं. ती रसायनशास्त्र शिकलेली. सुरुवातीला मजा आली, पण लवकरच पोट बिघडलं. शेवाळातून इतका अमोनिया सुटू लागला, की गॅस तयार करणारे जंतू गुदमरले. मी खाली बसले ती बसलेच.

स्वयंपाकीण मावशी मोठी मायाळू, पण सगळ्या दुखण्यांवर तिचं औषध एकच. "उपाशी असेल बिचारी," म्हणत ती बादल्याच्या बादल्या शेवाळ ओतायची. आधीच अजीर्ण, त्यात आग्रह! मला हात असते तर मी ते जोडले असते.

शेवटी व्यवस्थापक वैतागले. "महिनाअखेरीला भंगारवाल्याला बोलावतो. नुसती जागा अडवून बसलीय."

भंगारवाला म्हणजे कटर! माझा पत्रान् पत्रा धास्तावला.

"बाबा, तेवढे दिवस तरी मला द्या," सून म्हणाली. तिने हौदातला काला ढवळून वास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "मावशी, हिला भूक नाही, हिची जळजळ होतेय. बादली ठेवा बघू खाली."

मावशीने मन घट्ट करून बादली उपडी ठेवली. सुनेने झिओलाइट नावाच्या खनिजाची भुकटी पाण्यात कालवून मला थोडी थोडी पाजली. ही भुकटी अमोनिया धरून ठेवते, आणि तिच्या कणांवर जंतूंना बूड टेकायला जागा मिळते. हळूहळू पोटातली आग निवली. एका सकाळी मावशी ओरडली, "अगं बाई, उठली की गं ही!"

भंगारवाला आला तेव्हा मी चांगली हातभर वर होते. व्यवस्थापकांनी त्याला माझ्याच गॅसवर केलेला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. सुटले बाई एकदाची!

मित्रांनो, कुणी खाली बसलं तर त्याला लगेच निकामी ठरवू नका, आणि मायेपोटी भरवतही सुटू नका. आधी विचारा, दुखतंय कुठे. मावशी आता बादली उचलण्याआधी माझ्या पत्र्यावर हात ठेवते आणि विचारते, "काय गं, पोट बरंय ना?"